दुसरा सी-थ्री

श्रावणातल्या कानबाई देवीचं विसर्जन होऊन दोनच दिवस झाले होते. सकाळी अमळनेरच्या आमच्या लॅबमध्ये एक बाई आठ वर्षांच्या मुलाला घेऊन आली. डोळे सुजून बारीक झालेले, पोटऱ्यांवर पावसाळ्यात उठलेल्या फोडांचे काळे डाग. लघवीच्या डबीत कोऱ्या चहासारखं पाणी.

मी तिथे टेक्निशियन आहे. लघवी सेंट्रिफ्यूजला फिरवून खालचा गाळ काचेवर घेतला. मायक्रोस्कोपखाली तपकिरी, लांबट साचे दिसले, आत लाल पेशी खच्चून भरलेल्या. आरबीसी कास्ट. किडनीच्या बारीक नळ्यांत रक्त साचलं की ते त्या नळ्यांचाच आकार घेऊन बाहेर पडतं. खड्याने मूत्रमार्ग खरचटून आलेल्या रक्तात असे साचे नसतात. म्हणजे सूज थेट किडनीच्या चाळणीला होती.

आधी एका ठिकाणी एएसओ, म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस जंतू नुकताच होऊन गेला का ते दाखवणारी रक्ततपासणी, केला होता. तो नॉर्मल आला म्हणून त्यांना घरी पाठवलं होतं. याची मला अजून हळहळ वाटते. स्ट्रेप्टोकॉकस घशात झाला तर एएसओ चढतो, कातडीवरच्या फोडांनंतर मात्र बऱ्याचदा चढतच नाही. तिथे त्याच जंतूची दुसरी खूण, अँटी-डीएनेज बी, बघावी लागते. आमच्या बालरोगतज्ज्ञ मॅडमनी ती तपासणी लिहून दिली, सोबत सी-थ्री आणि सी-फोर, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या कॉम्प्लिमेंट यंत्रणेची रक्तातली प्रथिनं. सीरम लगेच वेगळं करून बर्फात मुंबईला पाठवलं. अँटी-डीएनेज बी वाढलेला, सी-फोर नॉर्मल, सी-थ्री फक्त 22. तो साधारण 90च्या वर हवा.

बीपी वाढलेलं होतं, म्हणून ॲडमिट केलं. मीठ बंद, लघवीच्या गोळ्या सुरू. दोन आठवड्यांत सूज उतरली. अशी बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात. तरी मॅडमनी कार्डावर लाल पेनाने लिहिलं होतं : आठ आठवड्यांनी सी-थ्री परत.

ती तारीख दसऱ्याच्या सुमारास आली. कापसाची वेचणी सुरू झालेली, मुलगा बाकावर पाय हलवत बसलेला. आई म्हणाली, "ताई, आते पोऱ्या चांगला शे, मंग परत रगत कसाले?" तिचं चुकत नव्हतं, एक दिवसाची मजुरी बुडत होती. पण मी हटून बसले. फोडांमुळे खाली गेलेला सी-थ्री सहा ते आठ आठवड्यांत वर यायला हवा. पहिला सी-थ्री आजार दाखवतो, पुढे काय होणार ते हा दुसरा सांगतो. त्यातून लघवीच्या पट्टीवर प्रथिन अजून दोन प्लस होतं.

रिपोर्ट आला, 26.

वाटेत नमुना तापला असेल, अशी मला मनापासून आशा होती. मुंबईला फोन केला, पण बर्फ शाबूत पोचला होता. मॅडमना विचारून दुसरा नमुना पाठवला. तो 24 आला.

नाशिकला बायॉप्सी झाली, म्हणजे किडनीचा बारीक तुकडा काढून तपासला. चमकणारा रंग लावून बघितल्यावर चाळणीवर चकाकत होता तो जवळजवळ एकटा सी-थ्री, अँटिबॉडी नावालाच. सी-थ्री ग्लोमेर्युलोपॅथी. यात शरीराची कॉम्प्लिमेंट यंत्रणा स्वतःला आवरत नाही, आणि वेळीच लक्ष दिलं नाही तर काही वर्षांत किडनी निकामी होऊ शकते. बीपी आणि प्रथिन आवरणाऱ्या गोळ्या तिथल्या किडनीतज्ज्ञांनी लगेच सुरू केल्या.

आता तो दर तीन महिन्यांनी येतो आणि डावा हात स्वतःच पुढे करतो. परवा किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन 0.6, म्हणजे ठीक होतं. प्रथिन अजून एक प्लस आहे.