टाकी नाही का?

गणपतीला बारा दिवस उरले की माझ्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. नाशिकला सारडा सर्कलच्या मागच्या गल्लीत स्प्रे गन आणि कंप्रेसरचं दुकान, विक्री आणि दुरुस्ती दोन्ही. वर्षभर पॉलिशवाले, बुलेटच्या टाक्या रंगवणारी पोरं, हल्ली केकवाल्या ताई. श्रावण लागला की मात्र फक्त मूर्तीचे कारखाने. रात्री दोनपर्यंत रंगकाम करून गन तशीच टाकून झोपतात, सकाळी नोझल दगड झालेलं असतं, आणि वर आम्हालाच ऐकवतात, "शेठ, माल हलका दिला." अठरा वर्षांत गन धुऊन आणणारे कारागीर बोटावर मोजण्याइतके भेटले.

त्या गर्दीत ते काका परत आले. बाहेर रिपरिप चालू होती. छत्री दाराशी नीट टेकवली, पिशवी मांडीवर घेतली आणि स्टुलावर बसून राहिले. मी ओळखलं आणि मनात म्हटलं, आलं झेंगट.

तीन आठवड्यांपूर्वी ते पहिल्यांदा आले तेव्हाच मला गंमत वाटली होती. जेल रोडला राहतात, रेल्वेतून निवृत्त. घरी 1:87 मापाच्या मालगाडीच्या वाघिणी करतात. एचओ म्हणतात त्या मापाला. प्लॅस्टिकची शीट कापून डबा करायचा, चाकं तेवढी बाहेरून आणायची. कोळशाची खरी बॉक्सएन वाघीण पावणेअकरा मीटर लांब, ती यांच्याकडे सव्वाशे मिलिमीटरच्या आत. आणि एवढं करून झालं की ती मळवायची. वेदरिंग म्हणतात. नवी कोरी वाघीण खेळण्यासारखी दिसते, रुळावर दहा वर्षं घासल्यासारखी दिसली पाहिजे. त्यासाठी एअरब्रश, म्हणजे पेनासारखी धरायची छोटी स्प्रे गन, आणि छोटा कंप्रेसर हवा होता, पाच हजारांच्या आत.

मी काय दिलं ते सांगतो. बिनटाकीचा मिनी कंप्रेसर आणि 0.2 मिलिमीटर सुईचा डबल ॲक्शन ब्रश. डबल ॲक्शन म्हणजे घोडा खाली दाबला की हवा, मागे ओढला की रंग. बिल 4,700. त्यांनी कंप्रेसर उलटासुलटा करून बघितला आणि एकच विचारलं, "टाकी नाही का?"

मी म्हटलं, "काका, एवढ्याशा कामाला टाकी कशाला? टाकी मोठ्या गनला."

ते "बरं" म्हणाले आणि घेऊन गेले.

आता पिशवीतून तोच कंप्रेसर निघाला. "मध्येच थुंकतो," म्हणाले. माझी टेप चालू झाली: रंग दुधाइतका पातळ हवा, कॅमलचा जाडा ॲक्रेलिक थेट घालू नका, त्याचा कण मोठा असतो, एनसी थिनर घालू नका, रबरी ओरिंग फुगतात आणि तुमचं प्लॅस्टिक विरघळतं, सुईच्या टोकावर रंग वाळतो तो ओल्या कुंचल्याने टिपून घ्या. हे सगळं खरंच आहे. थुंकतो म्हणून येणाऱ्या दहांपैकी आठांचं कारण हेच निघतं. एका हाताने मी दुसऱ्याच गिऱ्हाइकाची गन खोलत होतो.

त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि वही काढली. चारेघी वही. त्यात रकाने आखलेले: वेळ, दाब, शेरा. "11 मि. पहिला थेंब. 13 मि. दुसरा. बंद. 20 मि. विश्रांती. पुन्हा 10 मि. ठीक." अशी तीन पानं.

"रंग नव्हता हो वाटीत," ते म्हणाले. "नुसती हवा सोडली, काळ्या कागदावर."

माझा स्क्रू ड्रायव्हर थांबला. अठरा वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने कप रिकामा ठेवून तपासलं नव्हतं. मी तरी कुठे तपासलं होतं?

मग दुकानातच लावला. काळा कागद त्यांनीच आणला होता. मी इकडे पावत्या फाडतोय आणि काका स्टुलावर बसून कागदावर हवा मारतायत. पंचवटीच्या एका कारखान्याचा पोरगा गन दुरुस्त व्हायची वाट बघत होता, तो खो खो हसत होता. बारा मिनिटं व्हायच्या आत कागदावर टाचणीच्या डोक्याएवढा चकचकीत थेंब पडला. पोराचं हसू थांबलं.

"आता हात लावा," काका म्हणाले. नळी कंप्रेसरजवळ चटका बसेल इतकी गरम. दीड मीटर पुढे, ब्रशपाशी, गार. आणि कंप्रेसरच्या तोंडाशीच बसवलेला वॉटर ट्रॅप, हवेतलं पाणी अडवणारी बाटली, ठणठणीत कोरडा. तो ट्रॅप तिथे मीच बसवून दिला होता. सगळ्यांना तिथेच बसवून देतो. कंपनी तशीच पाठवते.

हवा दाबली की तिच्यातली वाफ दाटते. गरम आहे तोवर वाफ वाफच राहते, ट्रॅपमधून बिनबोभाट निघून जाते. नळीत गार झाली की तिचं पाणी होतं, आणि ते पाणी ब्रशच्या तोंडातून कामावर. श्रावणातली नाशिकची हवा आधीच ओली, त्यात बिनटाकीचं यंत्र सतत चालणार, तापत राहणार. उन्हाळ्यात हे कळलंही नसतं.

काका भुसावळच्या इलेक्ट्रिक लोको शेडला होते, न्युमॅटिक सेक्शनला, म्हणजे दाबाच्या हवेवर चालणाऱ्या यंत्रणेला. एकतीस वर्षं इंजिनांचे कंप्रेसर. हे पहिल्या भेटीत त्यांनी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं. इंजिनात कंप्रेसर आणि मेन रिझर्वॉयर, म्हणजे हवेची मुख्य टाकी, यांच्यामध्ये हवा गार करायची सोय असते, ती याचसाठी. पाणी टाकीत पडलं पाहिजे, व्हॉल्व्हमध्ये नाही. टाकीला खाली ड्रेन. तिथून पुढे हवा जाते गाडीच्या ब्रेकला, ब्रेक पाइपला 5 किलो दाब, फीड पाइपला 6. "आमच्याकडे पाणी पुढे गेलं तर ब्रेक जातो," ते म्हणाले. "तुमच्याकडे फक्त वाघीण खराब होते." मला ते लागलं.

मी विचारलं, "मग काका, तुम्हाला एवढं माहीत होतं तर त्या दिवशी घेतला कशाला?"

"दुकानदार तुम्ही," ते म्हणाले. "मला वाटलं, आता नवीन काही निघालं असेल."

यात टोमणा असता तर बरं झालं असतं. नव्हता. माणूस खरंच तसं समजून गेला होता. आणि खरी गोष्ट अशी की मुंबईहून मागवलेले तसले तीन पीस वर्षभर माझ्या फळीवर धूळ खात पडले होते. एक त्यांना खपवला होता, एक आदल्याच आठवड्यात गंगापूर रोडच्या एका केकवाल्या ताईंना.

आपल्याला हे आजवर कसं कळलं नाही, याचा मी मागाहून पुष्कळ विचार केला. माझी गिऱ्हाइकंच तशी आहेत. मूर्तीला पाण्यातला रंग, गनचं तोंड मोठं, त्यात एक थेंब पाणी गेलं काय नि राहिलं काय. पॉलिशवाल्यांना पाणी चालत नाही, लगेच पांढरा धुरकट डाग उठतो, पण त्यांच्या टाक्या पन्नास-शंभर लिटरच्या, पाणी तळाशी बसतं. मधली छोटी कामं करणारा माणूस दुकानात येतो तो इंटरनेटवर वाचून, आणि त्याला फक्त सुईचं पडलेलं असतं. 0.2 द्या, जपानी द्या. ब्रशवर बारा हजार घालतील आणि हवेवर दोन हजार. आम्ही दुकानदारही ब्रशच आधी दाखवतो. ब्रश काचेच्या कपाटात छान दिसतो.

माल बदलून देतो म्हटलं. तीन लिटर टाकीचा, बिनऑइलचा पिस्टनवाला कंप्रेसर काढला. साधारण 3 बारला सुरू होतो, 4 बारला आपोआप बंद. यंत्र अधूनमधून चालतं, मध्ये गार होतं, टाकीत पाणी पडतं, आणि हवेतला धडधडाटही टाकीतच जिरतो. पुढे रेग्युलेटर. ट्रॅप मी काढून नळीच्या दुसऱ्या टोकाला, ब्रशच्या मुठीखाली लावला. नळी दीड मीटरऐवजी तीन. आणि 0.2 च्या जागी 0.3, साधा चिनी, दीड हजाराचा. मॅट रंगात चमक मारायला बारीक कण घातलेले असतात, ते 0.2 ला अडकतात. शिवाय वेदरिंगला रेघ काढायचीच नसते, धूळ बसवायची असते.

पंचवटीच्या पोराने मध्येच सुचवलं, "काका, भंगारातल्या फ्रिजचा कंप्रेसर बसवा ना, आवाजच नाही. टाकीला जुना गॅस सिलिंडर." त्याच्या कारखान्यात असा एक आहे, मला माहीत आहे. त्या कंप्रेसरचं तेल हवेतून येतं, टाकीत दाब असताना तो पुन्हा चालू होत नाही, नुसता गुरगुरतो, आणि नव्या फ्रिजांत आर-600ए वायू असतो, तो पेट घेतो. काकांनी त्याच्याकडे बघितलं फक्त. "सेफ्टी व्हॉल्व्ह आहे का त्या सिलिंडरला?" पोरगा गप्प.

मग त्यांनी माझ्या काउंटरखालच्या मोठ्या कंप्रेसरकडे मान वळवली. ज्याच्यावर मी सगळ्यांच्या गन टेस्ट करून देतो तो. "याचा ड्रेन केव्हा उघडला होता?"

मला आठवेना. त्यांनी वाकून कॉक फिरवला. फस्स करून चहाच्या रंगाचं पाणी आलं, येतच राहिलं, रद्दी ओली करून गिऱ्हाइकांच्या चपलांखाली गेलं. अर्धी बादली तरी असेल. मदतनीस फरशी पुसताना माझ्याकडे बघायचं टाळत होता.

नवीन जोडणीवर त्यांनी तिथेच एक वाघीण रंगवली. दुकान भरलेलं, पण मी कुणाला हटवलं नाही. रेग्युलेटर 15 पीएसआयला. "म्हणजे एक किलो," ते स्वतःशीच म्हणाले. तामिया या जपानी कंपनीचा एक्सएफ-52, मातीचा रंग, त्यात थोडा एक्सएफ-10 तपकिरी, एका भागाला दोन भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल. इतका पातळ की पहिल्या फेरीत काही दिसतच नाही. मला वाटलं होतं वरून फवारतील. त्यांनी वाघीण पुस्तकांच्या चवडीवर डोळ्यांच्या उंचीला ठेवली आणि ब्रश चाकांच्या खालून, तिरका वर धरला. रुळावरची धूळ आणि ब्रेकचा लोखंडी भुगा चाकापासून वर उडतो, म्हणून रंगही तिथूनच यायला हवा. ब्रश वाघिणीच्या अलीकडे सुरू, पलीकडे बंद, मध्ये कुठे थांबायचं नाही. सात-आठ फेऱ्यांनंतर खालचा तिसरा हिस्सा हळूच तांबूस झाला. वर काही नाही. मग आतल्या बाजूला करडा काळा, कोपऱ्यांत जास्त. "एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात रिकामी झालेली आहे ही," म्हणाले.

मूर्तीची पितांबराची शेड तो पंचवटीचा पोरगा सुरेख मारतो, मी पाहिलंय. तो गन विसरून काकांच्या मनगटाकडे बघत होता. "आम्ही उजळवतो," तो म्हणाला, "हे उलटं करतात."

फरकाच्या पैशांत मी माझा नफा धरला नाही. काकांनी बिल मागितलं, पाहिलं, आणि नळीच्या जादा दीड मीटरचे पैसे लावायचे राहिलेत म्हणून तेवढे वेगळे काउंटरवर ठेवले.

संध्याकाळी केकवाल्या ताईंना फोन केला. म्हटलं, मशीनमध्ये पाण्याचा काही त्रास होतो का, होत असेल तर बदलून देतो. त्या म्हणाल्या, नाही हो, छान चालतंय, दोन मिनिटांचं तर काम असतं. मग क्षणभर थांबून म्हणाल्या, "का? काय झालं?" मी सांगितलं, दहा मिनिटांच्या वर सलग चालवू नका. "हे आधी नाही सांगितलं तुम्ही," त्या म्हणाल्या.

तिसरा पीस अजून फळीवर आहे. काकांनी परत दिलेला त्याच्या शेजारी. विसर्जन झाल्यावर मी दोन्हींवर मार्करने लिहिलं, "सलग दहा मिनिटांच्या वर चालवू नये. पावसाळ्यात पाणी येते." मदतनीस ते वाचून म्हणाला, "शेठ, असं लिहिल्यावर कोण घेईल?"