तुम्ही विचारलंत म्हणून: मेंदूत चिप बसवली की माणूस हुशार होतो का?

कॉक्लिअर इम्प्लांट म्हणजे ऐकू न येणाऱ्यांच्या आतल्या कानात ऑपरेशन करून बसवायचं यंत्र. ते बसवलेल्या लहान मुलांना ऐकायला आणि बोलायला शिकवणं हे माझं काम. त्यामुळे मेंदूत चिप बसवल्याची बातमी आली की लोक मलाच गाठतात. परवा एका मुलीचे वडील थेरपी संपल्यावर थांबले. धाकटीच्या कानामागे यंत्र आहे, मोठा अकरावीत आहे. म्हणाले, "मॅडम, उद्या धडधाकट पोरांनाही चिप बसवतील ना? मग ज्यांना परवडेल त्यांचीच पुढे जातील. आमच्या मोठ्याचं काय?"

हा प्रश्न मला इतक्यांनी विचारलाय की एकदा नीट उत्तर द्यायलाच हवं. सुरुवात स्विच-ऑनच्या दिवसापासून करते, कारण तो दिवस मी शेकडो वेळा पाहिला आहे. ऑपरेशननंतर तीन-चार आठवड्यांनी यंत्र पहिल्यांदा चालू करतात. आजी-आजोबा, मामा-मामी सगळे येतात, कोणी पेढेही आणतं. बाळ हाकेला वळून बघेल अशी सगळ्यांची आस असते. आणि बाळ बहुतेक वेळा भोकाड पसरतं. आतल्या कानात जे काम सुमारे ३,५०० नाजूक पेशी करतात, ते इथे १२ ते २२ इलेक्ट्रोड करत असतात. मेंदूपर्यंत पोचते ती नुसती विजेची टिकटिक. तिचा आवाज करायचं, आणि त्या आवाजाची 'आई' करायचं काम मेंदूलाच करावं लागतं.

खरी मेहनत तिथून पुढे. मी तोंडासमोर हात धरून आ, ऊ, ई, म, श, स म्हणायचं, आवाज आला की मुलाने डब्यात ठोकळा टाकायचा. घरी कुकरची शिट्टी झाली की आईने थांबून म्हणायचं, "ऐकलंस? शिट्टी झाली!" हे रोज, दोन-तीन वर्षं. एकाच कंपनीचं एकच मॉडेल बसवलेली दोन मुलं माझ्याकडे होती. दोन वर्षांनी एक शाळेतल्या भांडणाची तक्रार सांगायला लागलं, दुसऱ्याकडे जेमतेम दहा शब्द होते. पहिल्याचं ऑपरेशन दीड वर्षाचा असताना झालं आणि घरात दिवसभर गप्पा मारणारी आजी होती. दुसरा साडेचार वर्षांचा झाल्यावर आला. त्याच्या आईला मजुरी बुडवून, दोन एसटी बदलून माझ्यापर्यंत यावं लागायचं, महिन्यातून एकदाच जमायचं. मुलांमध्ये अंतर पडलं ते यंत्रामुळे नाही.

हे तंत्र नवंही नाही. अमेरिकेत त्याला १९८४ मध्ये परवानगी मिळाली, आज जगात दहा लाखांहून जास्त इम्प्लांट बसवलेली आहेत. ऐकण्याच्या नसेतून मेंदूशी जोडलेल्या यंत्राने समाजात काय होतं याचा चाळीस वर्षांचा अनुभव आपल्या हाताशी आहे, पण चर्चा मात्र उद्याच्या चिपची चालते.

त्या चर्चेत कोणी विचारत नाही ती गोष्ट म्हणजे सुटे भाग. केबल तुटते, डोक्याला चिकटणारी चकती म्हणजे कॉइल जाते, पावसाळ्यात प्रोसेसरला, म्हणजे कानामागच्या यंत्राला, ओल लागते. माझ्याकडच्या एका मुलाचं मॉडेल कंपनीने बंद केलं. डोक्यातला भाग ठणठणीत, पण बाहेरचा दुरुस्त होईना. नवा घ्यायला पैसे जमेपर्यंत सात महिने तो वर्गात काहीही न ऐकता बसला. सातवीत होता. मला अजून या गोष्टीचा राग येतो. अमेरिकेत तर 'आर्गस' नावाच्या डोळ्यातल्या इम्प्लांटचं उत्पादनच थांबलं आणि ज्या साडेतीनशेच्या वर अंध माणसांनी ते बसवून घेतलं होतं, त्यांना दुरुस्तीसाठी वाली उरला नाही. फोनची कंपनी बुडाली तर फोन बदलता येतो हो.

आता नव्या यंत्रांकडे. कॅलिफोर्नियात २०२३ मध्ये, एएलएस या स्नायू दुबळे करत नेणाऱ्या आजाराने वाचा गेलेल्या एका माणसाच्या मेंदूत २५६ इलेक्ट्रोड बसवले. तो बोलायचा प्रयत्न करतो, त्या प्रयत्नातून संगणक इंग्रजीचे ३९ उच्चार ओळखतो, त्यांचे शब्द जुळवतो, आणि सत्त्याण्णव टक्के शब्द बरोबर येतात. ती बातमी वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कारण वाचा गेलेल्या माणसांच्या शेजारी मी बसले आहे. पण लगेच मनात आलं, 'ळ'चं काय? 'चार' आणि 'चाक' यांतले दोन वेगळे 'च'? शब्द जुळवायला त्या भाषेचा प्रचंड साठा लागतो. तो मराठीत कोणी उभा केला नाही, तर बीडच्या रुग्णाला वाचा परत मिळेल ती इंग्रजीत.

आणि हे यंत्र मनातलं वाचत नाही, बोलायचा प्रयत्न वाचतं. हा फरक पुण्याने तरी विसरू नये. इथल्या सत्र न्यायालयाने २००८ मध्ये एका खून खटल्यात, डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूत गुन्ह्याची आठवण सापडल्याचा अहवाल पुराव्यात धरला होता. २०१० मध्ये सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशा चाचण्या संमतीशिवाय करता येणार नाहीत. चिलीने २०२१ मध्ये मेंदूतल्या माहितीचं संरक्षण थेट राज्यघटनेत घातलं. डोक्याला पट्टा लावून कामगाराचं लक्ष मोजायची यंत्रं विकायला येतील, तेव्हा मालकासमोर दिलेली संमती किती मोकळी असेल, याचा विचार आपल्याकडेही आत्ताच व्हायला हवा.

त्या वडिलांना मी म्हटलं, "दादा, मोठ्याची चिप राहू द्या. धाकटीच्या प्रोसेसरची वॉरंटी मार्चमध्ये संपते आहे. ते मॉडेल अजून किती वर्षं दुरुस्त करून देणार, हे कंपनीकडून लेखी मागू या. बसा, पत्र आत्ताच लिहू."