समांतर दिसतात, मग सिद्ध कशाला?

"आलेख काढला की दोन रेषा समांतर आहेत हे दिसतंच. हातच्या काकणाला आरसा कशाला?" गणित शिकवते म्हटल्यावर हा प्रश्न मला मुलंही विचारतात आणि त्यांचे आईबाबाही. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

माझा डोळ्यांवर भरवसा नाही. य = २क्ष + १ आणि य = २.०१क्ष − १ या रेषा काढून बघा. पेन्सिलला कितीही टोक काढा, समांतरच वाटतील. पण क्ष = २०० घातलं की दोन्हींत य = ४०१ येतं. म्हणजे त्या भेटतात, फक्त तुमचा आलेखाचा कागद त्याआधीच संपलेला असतो.

समांतर रेषा म्हणजे एकाच प्रतलातल्या, दोन्ही बाजूंना कितीही वाढवल्या तरी न भेटणाऱ्या रेषा. युक्लिडची व्याख्याही हीच. मग सिद्ध करायचं तेही एवढंच, की दोन्ही समीकरणांत बसणारा एकही बिंदू नाही.

४क्ष − ६य = ५ आणि ६क्ष − ९य = ११ घ्या. समजा, दोन्ही रेषांवर असलेला एक बिंदू आहे. पहिल्या समीकरणाला ३ ने गुणलं तर १२क्ष − १८य = १५. दुसऱ्याला २ ने गुणलं तर १२क्ष − १८य = २२. तीच राशी १५ही आणि २२ही? शक्यच नाही. म्हणजे असा बिंदू नाही, रेषा समांतर. सूत्र पाठ नसलं तरी हे जमतं, आणि मला हीच सिद्धता सगळ्यांत आवडते.

मुलं मात्र चढ काढतात, म्हणजे क्ष एकाने वाढला की य किती बदलतो ते, आणि दोन्हींचा सारखा आला की समांतर म्हणतात. इथे दोन्हींचा चढ २/३ येतो, त्यामुळे हरकत नाही. पण क्ष = ३ आणि क्ष = ८ या उभ्या रेषा आल्या की पंचाईत होते, कारण त्यांना चढच नसतो. सहगुणकांची, म्हणजे क्ष आणि य यांना गुणणाऱ्या संख्यांची, गुणोत्तरं घ्यावीत तर ०/० समोर येतं. म्हणून मी तिरकस गुणाकार करायला सांगते. पहिल्यातला क्षचा सहगुणक गुणिले दुसऱ्यातला यचा, मग दुसऱ्यातला क्षचा गुणिले पहिल्यातला यचा. वरच्या उदाहरणात दोन्हीकडे −३६ येतात, उभ्या रेषांना दोन्हीकडे ०. या दोन गुणाकारांची वजाबाकी म्हणजेच क्रेमरच्या रीतीतला, म्हणजे अशी दोन समीकरणं सोडवायच्या एका पद्धतीतला, छेदातला निश्चयक. तो शून्य नसेल तर रेषा कुठेतरी छेदणारच. (आधी दोन्ही समीकरणं एकाच क्रमात मांडून घ्या. निम्म्या चुका तिथेच होतात.)

पण गुणाकार सारखे आले म्हणून तिथेच थांबू नका. शाळेत मी थांबले होते. २क्ष + ३य = ५ आणि ४क्ष + ६य = १०. चढ समान, म्हणून समांतर, असं ठोकून दिलं. पहिल्याला २ ने गुणून पाहिलं असतं तर १० = १० आलं असतं, म्हणजे विसंगती नाहीच. बाई काही बोलल्या नाहीत, फक्त आलेख काढायला लावला. मी पहिली रेषा काढली, दुसरीचे बिंदू मांडले, पट्टी ठेवली आणि पहिलीच रेषा पुन्हा गिरवली.