ऑक्सबर्ग हॉल: फोटो बघून जाऊ नका, गेटहाउससाठी जा

इंग्लंडच्या नॉरफोकमधला ऑक्सबर्ग हॉल. खंदक, चर्या (तटावरचे दाते), जंग्या, मधोमध 80 फूट उंच जोडबुरूज, म्हणजेच गेटहाउस, प्रवेशद्वाराची इमारत. फोटोंत ऑक्सबर्ग पक्का किल्ला वाटतो. घर बांधणाऱ्या एडमंड बेडिंगफील्डला 1482 मध्ये चर्या बांधायचा राजपरवाना मिळाला हेही खरं. पण बाहेरच्या भिंतीत एवढ्या मोठ्या खिडक्या ठेवून कुणी लढत नसतं. हे श्रीमंताचं विटांचं घर आहे, किल्ल्याचा थाट फक्त मिरवायला.

दुसरी फसगत जास्त मोठी. जुनं म्हणून ज्याचे फोटो काढले जातात, त्यातलं बरंच 19 व्या शतकातलं आहे. दक्षिणेकडची मूळ मोठ्या दिवाणखान्याची बाजू 1775 च्या सुमारास पाडली. पुढे 1830 पासून बकलर नावाच्या वास्तुविशारदाने घराला पुन्हा 'मध्ययुगीन' केलं. पिळाच्या नक्षीदार चिमण्या त्याच काळातल्या. अस्सल पाहायचं तर वेळ गेटहाउसला द्या.

तिथला गोल जिना हेच इथे यायचं खरं कारण. पायऱ्यांखालचं छत विटांचंच, फिरत फिरत वर चढणारं. हाताला धरायची पट्टीसुद्धा भिंतीत खोबण करून घडीव विटांचीच बसवली आहे. प्रत्येक वीट वळणाला आणि चढाला एकाच वेळी जुळवायची, वर तोल सांभाळायचा. गवंडीकाम कळणाऱ्याने इथे मान वर करून उभंच राहावं. चढताना पायऱ्यांच्या रुंद बाजूने चला, उतरताना पट्टी सोडू नका. पाठीवर मोठी सॅक असेल तर भिंतीला घासते, ती खालीच ठेवा. जिना बंद असेल तर फेरी निम्मी वाया, म्हणून निघण्यापूर्वी वास्तू सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे फोन करून नेमकं जिन्याबद्दलच विचारा. 'हॉल उघडा आहे' या उत्तरावर समाधान मानू नका.

बाहेर भिंतींजवळ जाऊन दर्जा, म्हणजे विटांमधले सांधे, बघा. जुन्या हातघडीच्या विटा पातळ, साधारण दोन इंची, कडा वेड्यावाकड्या. म्हणून चुन्याच्या दर्जा जाड. एकसारख्या विटा आणि बारीक दर्जा दिसल्या की काम नंतरचं समजा. जुन्या भिंतीत सिमेंट भरणं हा सगळ्यात वाईट उपद्व्याप. चुन्यातून ओल बाहेर पडते, सिमेंट ती अडवतं. मग ओल विटेतून वाट काढते, थंडीत गोठते आणि विटेचा पापुद्रा उडतो. इंग्लंडभर जुन्या घरांवर हा रोग दिसेल.

छपराचंही सोपं नव्हतं: 2016 मध्ये माळ्याची एक खिडकी कोसळली आणि दुरुस्ती 60 लाख पौंडांवर गेली. तरी वास्तू उभी आहे हेच नवल. 1951 मध्ये ती विकली गेली होती, पाडायचीच तयारी होती. बेडिंगफील्ड घराण्यातल्या बायकांनी स्वतःची घरं विकून ती परत घेतली.

स्कॉटलंडची राणी मेरी स्टुअर्ट हिच्या भरतकामाचे पडदे आत आहेत, बाग आहे. ठीक.

शेजारचं चर्च मात्र सोडू नका. 1948 मध्ये मनोरा पडून मधला भाग गेला, पण बेडिंगफील्डांची समाधीची खोली वाचली. तिथल्या भाजलेल्या मातीच्या नक्षीदार आडभिंती 16 व्या शतकाच्या पूर्वार्धातल्या. याच जातीचं काम एसेक्स परगण्यातल्या लेअर मार्नी या गावी आहे. दोन्ही जवळून पाहिली तर साच्यांची पुनरुक्ती लक्षात येते.

आता रस्ता. गावाला रेल्वे नाही. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनहून केंब्रिज, ईलीमार्गे डाऊनहॅम मार्केट, तिथून साधारण 10 मैल. बसच्या भरवशावर बेत आखू नका. टॅक्सी जाताना मिळते. खरा लुटारूपणा परतीला, कारण तिथे तुम्ही अडकलेले असता आणि समोरच्याला ते ठाऊक असतं. जाण्यायेण्याचं भाडं आणि परतीची वेळ स्टेशनवरच ठरवा, पैसे अर्धे हातात ठेवा. चौघे असाल तर भाड्याची गाडी सरळ स्वस्त. एकट्याने, पावसात, जिना बंद असताना? जाऊ नका.