मागचं मी बघतो : रेस मार्शल होतानाचा माझा अनुभव

रेस मार्शल म्हणजे मोटार शर्यतीत ट्रॅकच्या कडेला उभं राहून झेंडे दाखवणारा, आग विझवणारा माणूस. त्या प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी, ओळख व्हायच्या आधीच, सरांनी प्रश्न टाकला. ट्रॅकच्या पलीकडच्या कडेला गाडी थांबली आहे, मागून ज्वाळा दिसतायत, तुमच्या हातात अग्निशामक सिलेंडर आहे. काय कराल?

आम्ही चोवीस जण होतो. जवळजवळ सगळेच म्हणाले, "पळत जाऊ." मीही तेच म्हणालो. सरांनी त्यावर काही न बोलता फळ्यावर दोन ओळी लिहिल्या. क्यालामी, १९७७. झँडवूर्ट, १९७३.

क्यालामीचं आधी सांगितलं. फॉर्म्युला वन मालिकेतली दक्षिण आफ्रिकेची शर्यत, म्हणजे ग्रां प्री, ५ मार्च १९७७. रेंझो झोर्झीची गाडी बंद पडून कडेला थांबली होती आणि तिला किरकोळ आग लागली होती. समोरच्या बाजूचे दोन मार्शल ट्रॅक ओलांडून धावत निघाले. त्यातला फ्रेडरिक यान्सन फान व्युरेन एकोणीस वर्षांचा होता, हातात जड अग्निशामक. चढावाच्या पलीकडून ड्रायव्हर टॉम प्राइस ताशी सुमारे २७० किलोमीटर वेगाने आला. मुलगा जागीच गेला. त्याच्या हातातला अग्निशामक डोक्यावर आदळून प्राइसही गेला. झोर्झीला काहीच झालं नाही.

मग झँडवूर्ट. २९ जुलै १९७३, नेदरलँड्सची ग्रां प्री. रॉजर विल्यमसनची गाडी उलटी झाली आणि पेटली. तो आत जिवंत होता. डेव्हिड पर्ली या दुसऱ्या ड्रायव्हरने स्वतःची गाडी थांबवली, धावत गेला आणि एकटा ती गाडी सरळ करायला झटत राहिला. मार्शलांच्या अंगावर आगीत टिकतील असे कपडेच नव्हते, त्यांना जवळ जाता येईना. रेस चालूच होती. येणाऱ्या ड्रायव्हरांना पर्ली बाहेर उभा दिसत होता, त्यांना वाटलं गाडी त्याचीच आहे आणि तो सुटलाय. पर्लीच्या हातातला अग्निशामक संपला. विल्यमसनला कुणी बाहेर काढू शकलं नाही.

"एकीकडे धावले म्हणून दोघं गेले, दुसरीकडे जाता आलं नाही म्हणून एक गेला. तुम्हाला जे काही शिकवणार आहे ते या दोन ओळींच्या मधलं आहे," असं म्हणून सरांनी हजेरी घेतली.

मी लहानपणापासून रेस बघतोय. १९९४ च्या इटलीतल्या इमोलाच्या त्या आठवड्याबद्दल लोक बोलतात ते तिथे गेलेल्या आयर्टन सेना या नामांकित ड्रायव्हरबद्दल, आणि ते साहजिक आहे. पण मला रोलंड रात्झेनबर्गर जास्त आठवतो. ३० एप्रिलला, सेना गेला त्याच्या आदल्या दिवशी, गाडीचा पुढचा पंख तुटून तो भिंतीवर आदळला आणि गेला. कितीतरी वर्षं धडपडून फॉर्म्युला वनमध्ये पोहोचला होता आणि ती त्याची जेमतेम दुसरी शर्यत ठरली असती. पुढे २९ नोव्हेंबर २०२० ला बहारीनमध्ये रोमां ग्रोजाँची गाडी गार्डरेल, म्हणजे ट्रॅकच्या कडेचा लोखंडी कठडा, फोडून आत घुसली, दोन तुकडे झाले, आणि तो जवळपास अर्धा मिनिट आगीत राहून स्वतःच्या पायांनी बाहेर आला. ते बघताना मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो. त्याला हात द्यायला पुढे झालेली माणसं पडद्यावर दिसली आणि ती कोण असतात, तिथे कशी पोहोचतात, हा प्रश्न डोक्यातून जाईना. दोन महिन्यांनी मी अर्ज भरला.

अर्जाचं फार सांगण्यासारखं नाही. वैद्यकीय तपासणी, त्यात डोळ्यांची जरा काटेकोर, कारण रंग ओळखता आले नाहीत तर झेंडा हातात देत नाहीत. कपड्यांच्या सूचना मात्र मी दोनदा वाचल्या. वरच्या नारिंगी सूटच्या आतसुद्धा सुती कपडे हवेत. नायलॉनचा बनियन घातला तर आगीजवळ तो वितळून कातडीला चिकटतो. अंगावर लाल किंवा पिवळं काहीही नको, टोपीसुद्धा नाही, लांबून ड्रायव्हरला तो झेंडा वाटू शकतो.

झेंडे तोंडपाठ व्हायला एक संध्याकाळ पुरली. ते कसे धरायचे हे शिकायला बराच वेळ लागला. पोस्टवर, म्हणजे ट्रॅकच्या कडेला मार्शलांच्या ठरलेल्या जागी, झेंडेवाले दोघं असतात, समोरासमोर तोंड करून. एक येणाऱ्या गाड्यांकडे बघतो; मागून वेगवान गाडी आली की पुढच्याला निळा झेंडा दाखवणं त्याचं काम. दुसरा, पिवळा झेंडावाला, गाड्या जातात त्या दिशेला बघतो. पुढे काही घडलं तर ते त्यालाच आधी दिसायला हवं. म्हणजे पिवळा झेंडा हातात असलेल्या माणसाची पाठ सतत येणाऱ्या गाड्यांकडे असते. ताशी २५० किलोमीटरने गाडी सेकंदाला जवळजवळ सत्तर मीटर येते. आवाज ऐकून मान वळवेपर्यंत ती अंगावर आलेली असते.

माझे जोडीदार माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे, आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. पहिल्या सराव दिवशी मी दर दोन मिनिटांनी मागे वळून बघत होतो. काकांनी तासभर सहन केलं. मग म्हणाले, "अरे, तू मागे बघितलंस तर पुढे कोण बघणार? तू पुढे बघ. मागचं मी बघतो."

सांगायला सोपं आहे. पाठीचे स्नायू ऐकत नाहीत. मला ते जमायला पूर्ण दोन दिवस गेले, आणि अख्ख्या प्रशिक्षणात यापेक्षा अवघड काही नव्हतं, असं मी आजही म्हणेन.

एक पिवळा झेंडा हलवला तर कडेला धोका आहे, वेग कमी करा, ओव्हरटेक नको. दोन हलवले तर वाट अडली आहे किंवा ट्रॅकवर माणसं काम करतायत, थांबायच्या तयारीने या. ५ ऑक्टोबर २०१४ ला जपानच्या सुझुकामध्ये रेसच्या वेळी पाऊस होता. एड्रियन सुटिलची गाडी घसरून बाहेर गेली होती, ती उचलायला क्रेन आली होती आणि दोन पिवळे झेंडे हलत होते. ज्यूल बियांकी तिथेच घसरला आणि थेट त्या क्रेनखाली गेला. तो नऊ महिने बेशुद्ध राहिला आणि १७ जुलै २०१५ ला गेला. त्याचा वेग तिथे पुरेसा कमी झाला नव्हता, असं चौकशी समितीने म्हटलं. सर म्हणाले, ड्रायव्हरला दोष देऊन आपलं काम संपत नाही. स्पर्धेत असलेला माणूस वेग कमी करताना मनातल्या मनात हिशेब करतो, बाकीचे किती कमी करतायत याचा. म्हणून २०१५ पासून व्हर्च्युअल सेफ्टी कार आली. रेस कंट्रोलने, म्हणजे शर्यतीच्या नियंत्रण कक्षाने, बटण दाबलं की सगळ्यांना वेग ठरलेल्या प्रमाणात कमी करावाच लागतो, कुणाचा फायदा नाही, कुणाचं नुकसान नाही. मला हा बदल फार मोलाचा वाटतो, कारण त्यात कुणाच्या धाडसाची परीक्षाच उरत नाही.

आगीचा दिवस वेगळा होता. पत्र्याच्या मोठ्या परातीत इंधन पेटवलेलं. वारा पाठीशी घ्यायचा, ज्वाळेच्या शेंड्यावर नाही तर बुडाशी मारायचं, एकाने पावडर मारायची आणि दुसऱ्याने फोम घेऊन तयार राहायचं, कारण पावडरने आग झोपते पण तापलेल्या धातूवर पुन्हा उठते. मी पहिल्यांदा खटका दाबला तेव्हा वाटलं, अजून बराच वेळ आहे. पंधरा-वीस सेकंदांत सिलेंडर रिकामा. त्या क्षणी मला पर्ली आठवला. हातात एकच सिलेंडर, तो संपलेला, आणि समोर माणूस.

मग सरांनी दुसरी परात पुढे ओढली आणि म्हणाले, ही पेटलेली आहे. आम्हाला काही दिसेना. ऊन होतं, परातीत पाण्यासारखं काहीतरी, वर हवा थोडी थरथरत होती, बस. त्यांनी लांब काठीला लावलेला कागद वर धरला. कागद कडेपासून काळा पडत आत वळला आणि नाहीसा झाला. ते मिथेनॉल होतं. १९६४ च्या इंडियानापोलिस ५०० या अमेरिकेतल्या शर्यतीत पेट्रोलच्या आगीत ड्रायव्हर एडी सॅक्स आणि डेव्ह मॅकडोनाल्ड गेले, त्यानंतर तिथे पेट्रोल मागे पडून मिथेनॉल आलं, कारण ते पाण्याने विझतं. पण दिवसाउजेडी त्याची ज्वाळा दिसत नाही. १९८१ मध्ये त्याच ट्रॅकवर पिटमध्ये, म्हणजे रेसमध्ये गाड्या इंधन भरायला थांबतात तिथे, ड्रायव्हर रिक मिअर्सच्या अंगावर इंधन उडून पेटलं, तो जळत होता आणि लोकांना कळत नव्हतं की हा असा का करतोय. मिअर्स वाचला. त्या दिवसापासून उन्हात कुणी विचित्र हातवारे करताना दिसला की मी आधी त्याच्याभोवतीची हवा बघतो.

जखमी ड्रायव्हरला बाहेर काढायचं काम डॉक्टरांबरोबरच्या खास पथकाचं असतं. आम्हाला शिकवलं ते मुख्यतः काय करायचं नाही हे. आग नसेल तर त्याला ओढायचं नाही. हेल्मेट काढायचं नाही. सराव करायला ड्रायव्हरच्या जागी कुणीतरी हवं होतं, मी हात वर केला.

कॉकपिटमध्ये बसेपर्यंत ती जागा किती अरुंद असते ते माहीत नव्हतं. खांदे दोन्ही बाजूंना घासत होते, पाय जवळजवळ झोपल्यासारखे पुढे. पट्टे आवळले आणि श्वास अर्धा झाला. हेल्मेट, आणि खांद्यांवर हॅन्स, हेल्मेटला दोन दोऱ्यांनी बांधलेली ती कॉलर. ती नसेल तर धडकेत पट्टे अंगाला धरून ठेवतात आणि डोकं एकटंच पुढे जातं, कवटीच्या बुडाशी हाड तुटतं. १८ फेब्रुवारी २००१ ला नॅस्कार या अमेरिकन मालिकेतल्या डेटोना ५०० शर्यतीच्या शेवटच्या फेरीत ड्रायव्हर डेल अर्नहार्ट असाच गेला. रॉबर्ट हबर्ड आणि जिम डाउनिंग यांनी ही कॉलर त्याच्या कितीतरी वर्षं आधी, ऐंशीच्या दशकात बनवली होती. अनेक ड्रायव्हरांना ती अडचणीची वाटायची. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नॅस्कारने डोकं-मान धरणारं साधन सक्तीचं केलं, फॉर्म्युला वनने २००३ मध्ये. याचा मला आजही राग येतो. वस्तू तयार होती, आणि ती गळ्यात पडायला इतकी माणसं जावी लागली.

मागून दोन हात आले आणि माझं हेल्मेट दोन्ही बाजूंनी धरलं. डॉक्टरबाईंचा आवाज अगदी कानाशी. "मान हलवू नकोस. हो म्हणायचं तर तोंडाने म्हण." डोकं ज्याच्या हातात असतं, हुकूम त्याचाच चालतो, तो मोजतो आणि बाकीचे पाच जण त्या मोजणीवर उचलतात. मला काहीही झालेलं नव्हतं, तरी त्या दोन हातांनी धरल्यावर माझं सगळं अंग सैल पडलं.

नंतरचे निरीक्षणाचे दिवस. प्रत्येक दिवसाची वहीत सही, पोस्ट चीफचा शेरा. बराचसा वेळ तुकडे गोळा करण्यात, खडी झाडण्यात, वाट बघण्यात जातो. गार्डरेलच्या फटीपाशी उभं राहून बघायचा मोह एकदाच झाला. चीफने खांद्याला धरून मागे घेतलं आणि फक्त दोन नावं सांगितली. पाओलो गिस्लिम्बर्टी, मोंझा, सप्टेंबर २०००. ग्रॅहम बेव्हरिज, मेलबर्न, मार्च २००१. दोघंही मार्शलचं काम करत होते, दोघांनाही निखळलेलं चाक लागलं, सहा महिन्यांच्या आत. चाकांना बांधून ठेवणारे मजबूत दोर तेव्हाही होते.

सातव्या दिवशी माझ्यासमोर पहिला खरा अपघात झाला. पिवळा झेंडा माझ्या हातात होता. वळणाच्या शेवटी दोन गाड्यांची चाकं एकमेकांत अडकली, एक गाडी उडाली, आडवी फिरली आणि शंभरेक मीटरवर टायरच्या भिंतीत रुतली. धूर आला, मग त्यात नारिंगी रंग दिसला. मी झेंडे उचलले होते, दोन्ही, ते केव्हा उचलले ते मला आठवत नाही. चीफ रेडिओवर बोलत होते. अग्निशामकवाले दोघं कठड्यापाशी वाकून उभे, चीफच्या वर धरलेल्या हाताकडे बघत.

माझे पाय निघाले होते. खरंच, एक पाऊल पडलंसुद्धा. माझ्यासमोर माणूस आगीजवळ होता आणि मला तिथे जायचं होतं. माझं काम मात्र तिथेच उभं राहून झेंडे हलवणं होतं.

"येतायत," काका म्हणाले. त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागे. "तीन आहेत. हलव, हलवत राहा."

पाठीमागे तो आवाज वाढत आला. मी वळलो नाही. हात वर, झेंडे पूर्ण पसरलेले, आणि मी त्या टायरच्या भिंतीकडे बघतोय. आणि मग तो आवाज पडला. एकाचा, लगेच दुसऱ्याचा, तिसऱ्याचा. इंजिनांची किंचाळी खाली येत येत घरघर झाली. त्यांनी पाय उचलला होता. तिन्ही गाड्या माझ्या बाजूने जवळजवळ रांगत गेल्या. चीफचा हात खाली आला आणि आमचे दोघं कठड्यावरून उडी मारून धावले.

पांढऱ्या पावडरीचा ढग उठला. त्यातून आधी स्टीअरिंग बाहेर फेकलेलं दिसलं, मग एक हातमोजा, मग ड्रायव्हर उभा राहिला. आमच्यातल्या एकाने त्याला दंडाला धरून कठड्यामागे घेतलं आणि खाली बसवलं.

"उठला का?" काकांनी विचारलं. त्यांनी अजून तिकडे बघितलं नव्हतं.

"उठला," मी म्हणालो. "चालतोय."

"बरं. अजून दोन येतायत."