डीएच५ अल्फाची रेघ: माझ्या एमएस्सी प्रोजेक्टचा अनुभव

एमएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला मी प्रोजेक्टसाठी विषय घेतला, जिवाणू आपला तुटलेला डीएनए कसा जोडतात. घर ठाण्याला, कॉलेज वाशीला. वाचन बरंचसं ट्रान्स-हार्बरच्या लोकलमध्येच झालं.

प्रयोग कागदावर सोपा. ई. कोलाय या जिवाणूचे दोन स्ट्रेन, म्हणजे वाण, घ्यायचे: साधा के-१२ आणि डीएच५ अल्फा, ज्याचं डीएनए दुरुस्तीला लागणारं रेक-ए हे प्रथिन निकामी असतं. एकाच प्लेटवर दोघांच्या रेघा ओढायच्या, पुठ्ठा सरकवत पट्ट्यापट्ट्यांना ० ते २० सेकंद यूव्ही द्यायचा आणि रात्रभर ३७ अंशांवर ठेवायचं. झाकण मात्र काढायचंच, २५४ नॅनोमीटरचा यूव्ही ते अडवतं.

खरी कटकट उजेडाची. ई. कोलायकडे फोटोलायेज नावाचं एन्झाइम असतं. निळा उजेड मिळाला की यूव्हीमुळे एकमेकांना चिकटलेले थायमिन (डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक) ते जागच्या जागी सोडवतं. म्हणजे प्लेट ट्यूबलाइटखाली राहिली की निकाल गेला. भरल्या लॅबमध्ये दिवे कोण बंद करू देणार? मॅडमची परवानगी काढून संध्याकाळी सगळे गेल्यावर पिवळ्या बल्बखाली काम केलं, प्लेट लगेच फॉइलमध्ये गुंडाळल्या.

सकाळी पाहिलं तर डीएच५ अल्फा ५ सेकंदांच्या पट्टीतच जवळपास संपलेला. के-१२ मात्र २० सेकंदांच्या पट्टीतही होता, विरळ का होईना.

पुस्तकं सगळं श्रेय रेक-एला देतात. मला विचाराल तर त्याच्या आधी काम करणारं रेक-बीसीडी हे एन्झाइम जास्त भारी. ते तुटलेल्या टोकाला बसतं, दोन्ही धागे उलगडत नि कुरतडत सुटतं, आणि जीसीटीजीजीटीजीजी हा आठ अक्षरांचा क्रम लागला की वागणूक बदलतं: एक धागा शाबूत ठेवून त्यावर रेक-ए चढवतं. मग रेक-ए तो धागा घेऊन दुसऱ्या, अखंड प्रतीत जुळणारी जागा शोधतं आणि तिच्यावरून दुरुस्ती होते.

व्हायव्हाला बाहेरच्या सरांनी नेमकं विचारलं, "यूव्हीने डीएनए तुटतो कुठे?" थेट तुटत नाही. थायमिन चिकटलेल्या जागी कॉपी करणारी यंत्रणा अडखळते, मागे फटी राहतात, त्यांतल्या काहींचे पुढे तुकडे पडतात. रेक-ए दोन्हीकडे लागतं. पुढचा प्रश्न: "डीएच५ अल्फात इतरही म्यूटेशन्स आहेत. मग दोष रेक-एचाच कशावरून?" म्हटलं, चांगल्या रेक-एचं जीन प्लास्मिडवरून (डीएनएच्या छोट्या वेगळ्या कड्यावरून) आत घालून रेघ परत येते का ते बघायला हवं, पण तेवढा वेळ नव्हता. पुढच्या बॅचच्या एकीने आता तेच घेतलंय.