हात धुतल्यावर वाढलेले जंतू

मी एका रुग्णालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेत काम करते. पू, लघवी, रक्त, थुंकी यांचे नमुने येतात, ते प्लेटवर लावायचे आणि दुसऱ्या दिवशी काय उगवलंय ते बघायचं, हे रोजचं काम. 5 मे जवळ आला की त्यात भर पडते. जागतिक आरोग्य संघटनेचा हा हात-स्वच्छतेचा दिवस. त्या निमित्ताने आम्ही ओपीडीत प्रात्यक्षिक घेतो. येणाऱ्या नातेवाइकांनी आधी न धुतलेली बोटं अगारच्या, म्हणजे जंतू वाढवण्यासाठीच्या जेलीच्या, प्लेटवर टेकवायची, मग स्वच्छतागृहात जाऊन साबणाने हात धुवायचे आणि दुसऱ्या प्लेटवर टेकवायची. रात्रभर 37 अंशांवर ठेवलेल्या त्या दोन प्लेट शेजारी शेजारी मांडल्या, की वेगळं भाषण द्यावं लागत नाही.

त्या वर्षी सकाळी इन्क्युबेटर उघडला तर सगळं उलटं. हात धुण्याआधीच्या प्लेटवर तुरळक ठिपके आणि धुतल्यानंतरच्या प्लेटवर बोटांचे ठसे भरून वाढ.

"मॅडम, लेबलं उलटी लागली असणार," आमची ज्युनिअर टेक्निशियन म्हणाली. शंका रास्त होती. पण आम्ही झाकणावर लिहीतच नाही, प्लेटच्या तळावर लिहितो, कारण झाकणं अदलाबदल होतात. शिवाय एखाद्या जोडीत गफलत झाली असती, इथे बऱ्याच जोड्या तशाच होत्या.

हात चोळून धुतल्यावर वसाहती, म्हणजे प्लेटवर उगवलेले जंतूंचे ठिपके, थोड्या वाढलेल्या दिसणं आम्हाला नवीन नाही. त्वचेत कायम राहणारे जंतू चोळल्याने वर येतात. ते बहुतेक पांढरे स्टॅफिलोकोकस असतात आणि धडधाकट माणसाला त्यांचा त्रास नसतो. इथे मात्र प्लेटचं झाकण उचलताच द्राक्षासारखा गोडसर वास आला आणि अगारला हिरवट छटा दिसली. लॅबमध्ये काही वर्षं काढलेल्या कुणालाही हा वास ओळखता येतो: स्यूडोमोनास. बाकीच्या वसाहती मॅकॉन्की या वेगळ्या प्रकारच्या अगारवर उतरवल्या, तर गुलाबी, बुळबुळीत वाढ झाली. पुढच्या चाचण्यांत ती क्लेब्सिएला निघाली. हे ओलीचे जंतू, कोरड्या हातावर फार टिकत नाहीत. म्हणजे ते हात धुतानाच कुठून तरी आले होते.

वहीत बघितलं, तर बिघडलेल्या सगळ्या जोड्या तळमजल्यावरच्या एकाच स्वच्छतागृहात हात धुतलेल्यांच्या होत्या. ज्यांनी वरच्या मजल्यावर हात धुतले, त्यांच्या प्लेट व्यवस्थित होत्या. आधी नळाच्या पाण्याचा नमुना घेतला, त्यात काही सापडलं नाही. मग भिंतीवरच्या डिस्पेन्सरचं बटण दाबून साबणच निर्जंतुक बाटलीत घेतला आणि तो प्लेटवर लावला. दुसऱ्या दिवशी प्लेटवर सुई टोचायला जागा नव्हती. हजारपट पातळ करून लावला तेव्हा कुठे वसाहती मोजता आल्या.

साबणात जंतू कसे राहतील, असं प्रशासनातल्या लोकांनीही विचारलं. साबण जंतूंना मुख्यतः सैल करतो आणि पाणी त्यांना वाहून नेतं. काही विषाणूंचं स्निग्ध आवरण साबणाने फुटतं, पण स्यूडोमोनाससारखे जंतू पातळ साबणात आरामात जगतात. डब्यातला साबण टिकतो तो त्यात घातलेल्या परिरक्षकामुळे (प्रिझर्व्हेटिव्हमुळे) आणि त्याचं प्रमाण मूळच्या घट्ट साबणापुरतं ठरवलेलं असतं.

तळमजल्यावरचे डिस्पेन्सर भरणाऱ्या मावशींना मी जाऊन भेटले.

"मावशी, साबण कसा भरता?"

"तळाला थोडा राहिलेला असतो, त्यातच ओतते. टाकून कशाला द्यायचा? आणि मॅडम, पाच लिटरचा कॅन महिनाभर पुरवायचा असतो, म्हणून अर्धं पाणी घालते. पण फरशीच्या बादलीतलं नाही हां, पिण्याच्या नळाचं घेते."

त्यांनी आपल्या परीने काळजीच घेतली होती. कॅन महिनाभर पुरवा, हा नियम वरून आला होता आणि पाण्याशिवाय तो पाळणं शक्यच नव्हतं. चौकशीच्या अहवालात मी हे वाक्य ठळक लिहिलं, कारण अशा वेळी पहिली नोटीस झाडूवालीच्या हातात पडते आणि ते मला मान्य नव्हतं.

पाण्यासोबत आलेले चार जंतू परिरक्षक पातळ झालं की वाढू लागतात, डब्याच्या आतल्या बाजूला चिकट थर धरतात आणि वरून ओतलेला प्रत्येक नवा साबण त्या थरातून दूषित होतो. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने 2002 च्या मार्गदर्शक सूचनांतच सांगितलंय, की अर्धवट रिकाम्या डिस्पेन्सरमध्ये साबण ओतू नये. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिथल्या प्राथमिक शाळेतले सगळे 14 डिस्पेन्सर दूषित निघाले होते. त्या साबणाने हात धुतल्यावर मुलांच्या आणि शिक्षकांच्या हातावरचे ग्रॅम-निगेटिव्ह जंतू (स्यूडोमोनास, क्लेब्सिएला याच गटातले) सुमारे 26 पट वाढले. बंद पाऊच बसणारे डिस्पेन्सर लावल्यावर वर्षभराने त्यातला एकही दूषित आढळला नाही.

धडधाकट माणसाच्या हातावर हे जंतू आले तरी सहसा काही होत नाही. पण आमच्या तळमजल्यावर हात धुणारे लोक पुढे जातात कुठे? जळीत वॉर्डात. लघवीची नळी घातलेल्या आजोबांच्या खाटेशी. मधुमेहाने चिघळलेल्या पायाची पट्टी बदलताना धरायला. स्यूडोमोनास जळालेल्या कातडीवर काय करतो हे मी रोज प्लेटवर बघते, म्हणून मला त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी तिथे उभं राहून बघितलं, तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली. हात धुतल्यावर जवळजवळ कुणीच ते नीट कोरडे करत नव्हतं. भिंतीवर गरम हवेचा ब्लोअर होता, त्याखाली दोन सेकंद हात धरायचे आणि उरलेलं पाणी पदराला, पँटला पुसत दाराची कडी धरायची. ओला हात कोरड्या हातापेक्षा कितीतरी जास्त जंतू पुढे देतो. न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी 1997 मध्येच हे मोजून दाखवलंय. ब्लोअर तर स्वच्छतागृहातलीच हवा ओढून हातावर फेकतो. फ्लश केल्यावर उडालेले बारीक तुषार त्या हवेत असतात. कनेक्टिकट विद्यापीठातल्या 2018 च्या अभ्यासात अशा ड्रायरच्या झोताखाली 30 सेकंद धरलेल्या प्लेटवर सरासरी 18 ते 60 वसाहती आल्या होत्या. रुग्णालयात तरी कागदी रुमालच हवेत, असं माझं स्पष्ट मत आहे. खर्च होतो, कचरा होतो, हे मान्य करूनही.

डिस्पेन्सर त्याच दिवशी काढले. तेच धुऊन वापरू, असा प्रस्ताव आला, पण तो चिकट थर धुऊन निघेल याची खात्री नसल्याने मी नकार दिला. पाऊचवाले डिस्पेन्सर येईपर्यंत पाणी निथळणाऱ्या जाळीच्या साबणदाण्यांत वडीचा साबण ठेवला. लहान तुकडे करून, म्हणजे ते लवकर संपतात आणि लगद्यात पडून राहत नाहीत. ही कल्पना मावशींची. आता पाऊच लावताना त्या त्यावर मार्करने तारीख घालतात आणि प्रयोगशाळेतून आम्ही अधूनमधून साबणाचे नमुने नेतो.

कागदी रुमालांचा प्रश्न सुटलेला नाही. वॉर्डांच्या बाहेर ते मिळाले, तळमजल्यावर अजून ब्लोअरच आहे. पुढच्या खरेदी समितीपुढे ठेवायला मी ब्लोअरच्या झोताखालच्या आणि कागदी रुमालाने पुसलेल्या हातांच्या प्लेटचे फोटो तयार केलेत, प्रत्येक फोटोखाली ठिकाण आणि तारीख लिहून.